तारप्याला पाठ

"आवाजाला पाय असतात, भाऊ. तुम्ही त्याला खांबाला बांधून ठेवता."

हे वाक्य तिनं मला पहिल्याच भेटीत ऐकवलं आणि पुढे इतक्या वेळा ऐकवलं, की ती दारात दिसली की माझी बायको आतूनच म्हणायची, "आल्या पायवाल्या." हे बोलताना ती दोन बोटं चालवून दाखवायची. टेबलावरून, कपाच्या कडेवरून, एकदा तर दुकानात बसलेल्या एका वरबापाच्या खांद्यावरून. तो बिचारा मांडव ठरवायला आला होता. त्यानं खांदा झटकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताई आवाजाच्या लाइनीतल्या आहेत." त्याचं समाधान झालं नाही, पण मांडव त्यानं आमच्याकडेच ठरवला.

जव्हारला माझं मांडव-डेकोरेशनचं दुकान आहे, सोबत साउंड. लग्नं, हळदी, गणपती, पुढाऱ्यांच्या सभा. धंदा मोठ्या आवाजाचा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. अशा दुकानात येऊन ही बाई म्हणाली, "मला स्पीकरच्या लहान लहान पेट्या हव्यात. भरपूर. आणि आवाज कमी ठेवायचाय." मी धंद्यात पडल्यापासून आवाज कमी करा असं मला फक्त पोलिसांनी सांगितलं होतं.

ती मूळ जव्हारचीच. वडील सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पुण्यात शिकली, मग मुंबईत बरीच वर्षं सिनेमांच्या आवाजाचं काम केलं. पडद्यावर दार करकरलं की ते हिनं करकरवलेलं असायचं. चाळिशी आली आणि एके दिवशी सगळं सोडून घरी परत आली. वडील मला बाजारात भेटले की म्हणायचे, "लोकांच्या मुली सणाला येतात. आमची आली ती बांबूला डबे टांगायला." पण बांबू कुठे चांगले मिळतात हे मला त्यांनीच विचारलं होतं.

ती नेमकं काय करायची, हे मलाही समजायला वेळ लागला. तुम्हाला सोपं करून सांगतो. आपण दोन पेट्या समोर ठेवतो आणि माणसं समोर बसवतो. ती डझनभर पेट्या माणसांच्या भोवती गोल टांगायची आणि आवाज एकीतून दुसरीत असा सरकवायची, की कुणीतरी तुमच्याभोवती चालतंय असं वाटावं. माणसांनी बसायचं नाही, हिंडायचं, वळायचं. ऐकणाऱ्यानं हलायचं आणि आवाजानंही हलायचं, हा तिचा खेळ.

पहिली चाचणी तिनं माझ्या गोदामात घेतली, पातेली आणि खुर्च्यांच्या चळतींमध्ये पेट्या लावून. कोंबडीचा आवाज होता. मी हातातलं काम करत होतो. माझी बायको गोदामात आली आणि थेट खुर्च्यांखाली वाकली. मग पातेल्यांमागे गेली. मग गाद्यांच्या ढिगाकडे. "अहो, कुणाची कोंबडी शिरलीय, अंडं घालील कुठेतरी," म्हणत तिनं अख्खं गोदाम पालथं घातलं. ताई कोपऱ्यात लॅपटॉपवर बसून एक गोल कळ फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. त्या दिवसापासून बायकोनं तिला नावं ठेवायचं सोडलं नाही, पण चहा आपणहून द्यायला लागली.

तिला राग फार लवकर यायचा. वायर कुणी ओलांडली की राग, कुणी मध्येच मोबाइल लावला की राग. एका हळदीला मी तिला मुद्दाम घेऊन गेलो, आमचाही कार्यक्रम बघा म्हटलं. माझ्या पेट्यांच्या उभ्या टॉवरसमोर ती दोन्ही कानांवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, हे गाणं आहे की भिंत?"

"वऱ्हाडाला भिंतच लागते, ताई," मी म्हटलं. "टेकून नाचायला."

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या आईनं केलेले नागलीचे पापड घेऊन आली आणि भांडण झालंच नव्हतं अशी बोलत बसली.

आता तारप्याकडे येतो, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्या डोंगरात भातं कापून झाली की तारप्यावर नाच होतो. तारपा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं लांबलचक वाद्य. वाजवणारा मधे, आणि बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला विळखा घालून त्याच्याभोवती रांगेनं फिरतात. तिला पोशेऱ्याचा एक म्हातारा भेटला, तारपा वाजवणारा. तिनं त्याचा तारपा दिवसेंदिवस टेप केला. दोघांचं जमलं चांगलं. म्हातारा तिला "बाय" म्हणायचा आणि तिच्या यंत्रांकडे, एखाद्याच्या लाडावलेल्या पोराकडे बघावं, तसं बघायचा.

पहिला प्रयोग साखरशेतला एका खळ्यावर झाला. उन्हं कलताना. मी जनरेटर नेला होता, तर त्याची घरघर नको म्हणून तिनं तो टेकाडापलीकडे ठेवायला लावला आणि तिथवर वायर ओढताना माझी कंबर गेली. बांबूंवर गोल पेट्या टांगल्या. तिनं तारपा सुरू केला. सगळ्या बाजूंनी सूर उठला, आणि खरं सांगतो, माझ्यासारख्या दगडाच्या अंगावरसुद्धा काटा आला.

पण एकही माणूस आत येईना. सगळं गाव खळ्याच्या कडेला, बांबूंच्या बाहेर उभं. ती हात करून बोलावत होती, "या ना, आत या, फिरा." बाया एकमेकींच्या मागे लपत होत्या. तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिनं बंद केलं आणि मला म्हणाली, "आवडलं नाही त्यांना. मी उगाच करतेय हे सगळं."

म्हातारा आमच्याच टेम्पोतून आला होता. तो बिडी विझवून तिच्याजवळ आला.

"बाय, तारप्याला पाठ नाय लावत आमी," तो म्हणाला. "नाचताना तोंड त्याच्याकडंच ठेवायचा. तुझा तारपा तं सगळीकडून वाजं. उभा कुठं रहायचा? कुठंबी उभा राहिला तरी पाठ लागतेच."

 ती मटकन खाली बसली आणि कपाळावर हात मारून हसायला लागली. म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "हिला काय झाला?"

त्यानंतर तिनं सगळं नव्यानं मांडलं. तारपा एका वेळी एकाच बाजूनं मोठा यायचा आणि अगदी सावकाश पुढच्या पेटीत सरकायचा. सूर तुटू नये म्हणून बाकीच्या पेट्यांत तो अगदी बारीक ठेवलेला, कळेल न कळेल इतका. रांग मधल्या जागेत. आवाज सरकेल तशी रांग तोंड त्याच्याकडे ठेवून वळत जायची. नाचणाऱ्यांच्या पायांचा वेग बघून ती कळ फिरवायची. फार भरभर फिरवली तर टोकाच्या बाईची पाठ लागणार, फार सावकाश फिरवली तर नाच मरणार. पुढच्या खेपेला साखरशेतला तेच लोक आत आले आणि नाचले. दिसत कुणीच नव्हतं, तरी सगळ्यांची तोंडं एका बाजूला, आणि तो दिसत नसलेला वाजवणारा खळ्याभोवती फिरतोय. ती लॅपटॉपवर वाकलेली, खालचा ओठ दातांत धरून. मी तिला एवढी सुखात त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

पुढच्या पावसाळ्यात म्हाताऱ्याची छाती भरायला लागली. जिना नाही, डोंगर नाही, नुसतं घरातून ओट्यावर आला तरी धापायचा. तारपा वाजवायला दम फार लागतो, न थांबता फुंकायचं असतं. त्याच्या पाड्यावर दुसरं कुणी वाजवणारं उरलं नव्हतं. भातं झाली की अर्धा पाडा ठाणे-भिवंडीकडे कामाला उतरतो, उतरण्याआधी एकदा नाच होतो. त्यानं तिला बोलावून घेतलं.

"माझा दम तुझ्या पेटीत हाय," तो म्हणाला. "ह्या वर्षी तूच वाजव. पण बघ हां, कुणाची पाठ नको लागाया."

 परतताना मोखाड्याचा घाट उतरल्यावर ती म्हणाली, "भाऊ, मुंबईत कुणी मला एवढं मोठं काम दिलं नव्हतं."

त्याच दिवसांत तिच्यात काहीतरी बदललं. टेम्पोत मी बोलायचो आणि ती उत्तर द्यायची नाही. मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं माझं, राग धरलाय. मग ती दाराला पाठ टेकवून, पूर्ण माझ्याकडे तोंड करून बसायला लागली. मी बायकोला म्हटलं, "आता ताई माझं बोलणं मन लावून ऐकतात." बायको म्हणाली, "मग त्यांना बरं नसेल."

पोशेऱ्याला आम्ही दुपारीच पोचलो. पाड्याशेजारच्या मोकळ्या जागेत पेट्या लागल्या. एका अंगाला डोंगराचा कडा, दुसऱ्या अंगाला नाचणीची कापलेली शेतं. प्रत्येक जागा वेगळी असते, म्हणून ती आपल्या बसायच्या ठिकाणी उभी राहून एकेक पेटी कानानं जुळवायची. त्या दिवशी तिचं काही केल्या जुळेना. डोकं इकडे वळवलं की एक, तिकडे वळवलं की दुसरंच. "वारा उलटा आहे आज," ती म्हणाली. वारा मला तरी लागत नव्हता. उजवीकडच्या पेट्या ती वाढवत गेली, आणखी वाढवत गेली. मी म्हटलं, "ताई, कड्याच्या बाजूनं जास्त होतंय." ती वसकन अंगावर आली, "तुम्हाला भिंतीची सवय आहे." मी पुन्हा वायरींकडे वळलो. तिच्या कानावर माझा माझ्या कानापेक्षा जास्त विश्वास होता.

दिवस डोंगराला टेकताना नाच सुरू झाला. म्हाताऱ्याला खाटेवर आणून बसवलं होतं, अंगावर घोंगडी. सुरुवातीला तारपा कड्याच्या बाजूनं आला आणि रांग झकास उभी राहिली. पोरी लाजत होत्या, मोठ्या बाया पायांवर ठाम. रांगेच्या टोकाला म्हाताऱ्याचा मुलगा काठी आपटत पुढे. ताईनं तारपा डावीकडे सरकवायला घेतला. रांग वळली. शेतांच्या बाजूला सगळ्यांची तोंडं झाली.

आणि तारपा मागून वाजायला लागला.

ती डावीकडे नेत होती, पण उजवीकडच्या पेट्या तिनं इतक्या वाढवल्या होत्या की त्यांतला तो बारीक ठेवलेला सूरच सगळ्यांत मोठा झाला होता. कडा त्याला आणखी फेकत होता. रांगेतल्या सगळ्या माणसांची पाठ तारप्याला लागली होती. पहिल्यांदा बायांच्या लक्षात आलं. पाय अडखळले. म्हाताऱ्याच्या मुलानं गर्रकन वळून पाहिलं, रांग मधेच तुटली, एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. एक कोवळा पोरगा हसला आणि त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

ताई मान खाली घालून कळ फिरवतच होती.

म्हातारा खाटेवरून उठला. घोंगडी तिथंच पडली. धापत, थांबत तो तिच्याजवळ आला, तिच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, "बंद कर, बाय."

तिनं ऐकलं नाही. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. "बाय, बंद कर."

आता तिनं मान वर केली आणि डावीकडे वळून बघितलं. डावीकडे कुणीच नव्हतं. ती तिथल्या रिकाम्या जागेला म्हणाली, "काय झालं?"

तेव्हा मला कळलं. टेम्पोतलं गप्प बसणंही कळलं आणि तोंड वळवून बसणंही.  मी जाऊन तिच्या हातावर हात ठेवला आणि आवाज बंद केला.

म्हातारा तिथून वळला. तो चालत मोकळ्या जागेच्या मधोमध गेला आणि रिकाम्या हातांनी उभा राहिला. रांग हळूहळू पुन्हा जुळली, त्याच्याकडे तोंड करून. सूर नाही, काही नाही, नुसती काठी आणि पाय. त्याला फार वेळ उभं राहता येणार नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून नाच लवकर आटोपला. ताई आपल्या पेट्यांमध्ये बसून ते बघत होती. तिच्याजवळ कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही, वायरी गुंडाळत राहिलो. 

परतताना ती होऊन बोलली.

"उजवा कान गेलाय, भाऊ."

"कधीपासून?"

"भातं कापायला आली तेव्हापासून. सकाळी उठले तर दडा बसल्यासारखा. आत शिट्टी वाजत होती. वाटलं, पाणी गेलं असेल."

"मग डॉक्टरकडे?"

"हे झालं की जाणार होते." तिनं डाव्या कानावरचे केस मागे सारले. "एका कानानं ऐकू सगळं येतं हो. फक्त कुठून येतंय ते कळत नाही. मला वाटलं, इतकी वर्षं केलंय, सवयीनं निभेल."

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं झालं की लगेच, त्याच दिवसांत यावं लागतं. तेव्हा औषधानं कान परत येतो कधीकधी. आता नाही. हे तिनं मला फोनवर सांगितलं, अगदी बाजारभाव सांगावा तशा आवाजात. मला मात्र राग आला. तिचा आला, त्या नाचाचा आला, एवढ्याशा गोष्टीसाठी कान घालवणाऱ्या तिच्या हट्टाचा आला. एवढीशी गोष्ट नव्हती हे मला माहीत होतं, तरी आला.

म्हातारा पुढे छाती दाखवायला जव्हारला आला तेव्हा दुकानात डोकावला. तो रागावलेला नव्हता. पाड्यानं तारप्यापुढे नारळ फोडला होता, कोंबडं कापलं होतं. "पाठ आमी लावली," म्हणाला. "तिनं नाय लावली. माफी आमीच मागाया पायजे." तिला मी हे सांगितलं. वाटलं, तिला हलकं वाटेल. ती एवढी रडली की माझी बायको आतून धावत आली. "माझ्या चुकीची माफी त्यांनी का मागावी, वहिनी?" हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती आणि माझी बायको तिच्यापुढे चहाचा कप सरकवत होती.

ती आता जव्हारला नाही. मुंबईलाही नाही म्हणतात. वडिलांना विचारलं तर "आहे, बरी आहे" एवढंच सांगतात आणि भाजी निवडायला लागतात. बांबू त्यांच्या अंगणात अजून पडलेत. माझ्यामार्फत विकत घेतलेल्या पेट्या तिनं कुणाला तरी देऊन टाकल्या. मला विचारलं होतं, मी नको म्हटलं.

जायच्या आधी ती माझ्या वायरी परत करायला आली होती. भर दुपार, गोदामापुढचं अंगण रिकामं. वायरी मोजायच्या नाहीत असं मी आधीच सांगून टाकलं. ती जायला वळली आणि थांबली.

"भाऊ, एक काम करा. मी इथं मधे उभी राहते डोळे मिटून. तुम्ही कुठूनही टाळी मारा. मी बोट दाखवते."

"कशाला ते, ताई?"

"मारा हो."

तिनं डोळे मिटले. मी चपला काढल्या, तिच्या उजव्या बाजूला भिंतीजवळ गेलो आणि टाळी मारली. तिनं क्षणाचाही विचार न करता डावीकडे बोट केलं, फाटकाच्या दिशेनं. हात अगदी ताठ.

"इथं ना?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी चवड्यांवर पळत तिच्या मागून फाटकाकडे गेलो, तिच्या बोटासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "हो, इथंच."

तिनं डोळे उघडून मला पाहिलं. चेहरा थोडा उजळला. "पुन्हा," म्हणाली. मी मागच्या बाजूनं मारली. बोट पुन्हा डावीकडे. मी पुन्हा पळालो. पुन्हा उजवीकडून, बोट डावीकडे, पुन्हा पळालो. माझं वय, माझं पोट, वर दुपारचं ऊन.

"बरोबर," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुम्हाला एवढी धाप कशानं लागली?"

 तिनं परत डोळे मिटले. "आता मारा," म्हणाली.

मी फाटकाशी होतो तिथंच उभा राहून टाळी मारली. तिनं हात वर केला नाही.